राखेत उमटलेले पत्र

“लेकराला आधी बोलू द्यावं, बाई. पोटातलं ओठात आलं की मग पाटी हाती द्यावी.”

श्रीआत्मगीर महाराजांनी हे सांगितले त्याला तीन वर्षे झाली होती, तरी सकाळी शाळेचे दार उघडले की तापीबाईंना ते शब्द कानाशी ऐकू येत. महाराज तेव्हा पांझरा नदीच्या काठी, देवपिंप्री गावी राहत. गावाबाहेर चिंचेखाली त्यांची धुनी आणि शेजारी एक खोपटे, एवढाच संसार. महाराजांना लिहिता-वाचता येत नव्हते. कुणी पोथी पुढे केली तर ती कपाळाला लावून परत देत आणि म्हणत, “तू वाच, मी ऐकतो.”

तापीबाई कोष्ट्याच्या घरच्या. बाराव्या वर्षी सासरी गेल्या तेव्हा वडिलांच्या कृपेने अक्षरओळख होती, म्हणून महिन्याला आईला एक पत्र घालण्याची मुभा मिळाली. मजकूर मात्र सासरे सांगत. ते ओसरीवर बसून सांगायचे आणि पोरीने लिहायचे: मी सुखरूप आहे, येथील माणसे मायाळू आहेत, काळजी नसावी. पाठीवरचे वळ पदराखाली झाकून तापीबाईंनी पाच वर्षे हेच लिहिले. आई ती पत्रे शेजाऱ्याकडून वाचून घेई आणि देवाला हात जोडी. खरे न कळताच ती वारली. पुढे नवरा वारला, सासरच्यांनी बाहेर काढले, भावाने ट्रेनिंग कॉलेजात घातले, आणि तापीबाई देवपिंप्रीच्या शाळेत पहिली-दुसरीच्या बाई होऊन आल्या. सोमवारचा उपास आणि रोज धुनीला दोन गोवऱ्या वाहणे हा नेम त्यांनी आल्या दिवसापासून धरला.

त्यांचा वर्ग साऱ्या शाळेहून वेगळा चाले. सकाळी एका मुलाने उठून काल काय पाहिले ते सांगायचे. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मग प्रत्येकाने पाटीवर आपल्या मनाच्या तीन ओळी लिहायच्या. परटाच्या ठकीने एकदा लिहिले, ‘आमच्या गाढवाचा कान फाटला. मी रडले. बाप हसला.’ अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरावी तसे. पण त्या दिवशी तापीबाईंनी ती पाटी पुसू दिली नाही.

हेडमास्तर दामोदरपंतांना हे मुळीच खपत नसे. पंतांचे स्वतःचे अक्षर मोत्यासारखे. त्यांनी मुलांसाठी एक नमुन्याचे पत्र तयार केले होते. तीर्थरूप वडिलांस शिरसाष्टांग नमस्कार इथपासून ‘मी सुखरूप आहे, काळजी नसावी’ इथपर्यंत. बाकी शाळेतले प्रत्येक मूल ते वर्षभर गिरवी, पाठ करी आणि परीक्षेला उतरवून काढी. पंतांची एकुलती मुलगी काशी याच पत्रावर लिहायला शिकली होती. दोन वर्षांपूर्वी तिला पाच कोसांवरच्या नेरखेड्याला दिले. तिची पत्रे येत ती नेमकी त्याच शब्दांत. पंत ती कोटाच्या खिशात बाळगीत आणि वर्गात दाखवीत. म्हणत, “वळण पाहा रे. याला म्हणतात लेखन.”

पौषात मात्र एक पत्र आले ते वेडेवाकडे. मजकूर तोच, पण ओळी खाली घसरलेल्या, अक्षरे एकमेकांवर चढलेली. पंतांनी ते साऱ्या मास्तरांसमोर कपाळाला आठ्या घालून वाचले आणि उलट टपाली लिहून धाडले, की अक्षर फार बिघडले आहे, रोज दोन वेळा कित्ता गिरवावा, तोवर पत्र घालू नये.

तापीबाई भीत भीत म्हणाल्या, “पंत, एकदा जाऊन भेटून या ना पोरीला.”

“कशाला? सगळं बरं आहे असं तिनंच लिहिलंय. तुम्ही वाचलंत ना?”

“वाचलं. म्हणूनच म्हणते.”

पंतांनी चष्मा काढून त्यांच्याकडे असे पाहिले, की तापीबाई पाठ फिरवून आपल्या वर्गाकडे निघून गेल्या. त्या पत्रानंतर नेरखेड्याहून काहीच आले नाही. पंत म्हणायचे, गिरवीत असेल.

माघात शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार असे कळले. आदल्या दिवशी, रविवार असूनही, पंतांनी इतर मास्तरांबरोबर तापीबाईंना शाळेत बोलावून बजावले, की साहेबांपुढे नमुन्याचे पत्रच लिहिले गेले पाहिजे. नाहीतर बाई शिकवायला लायक नाहीत असा शेरा आपण होऊन देऊ. तापीबाईंच्या वर्गात अकरा मुली होत्या. शिकवायला बाई आहे म्हणूनच त्यांच्या आईबापांनी त्यांना धाडले होते. बाई गेली की मुली दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसणार, हे गावात कुणाला सांगायला नको होते.

तापीबाई हळू आवाजात म्हणाल्या, की महाराजांनी सांगितलेली रीत मोडवत नाही. तेव्हा पंत इतर मास्तरांकडे वळले. “ऐका. ज्या बाबाला स्वतःची सही येत नाही तो लेखनाची रीत सांगतो, आणि ट्रेनिंग झालेल्या विदुषी ती डोक्यावर घेतात. अहो बाई, तुमच्या वर्गात शाळा भरते की पाणवठा?”

मास्तर मंडळी खो-खो हसली. तापीबाई तशाच धुनीवर गेल्या. स्वतःबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. अकरा मुलींची नावे मात्र एकेक करून सांगितली. महाराजांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, “उद्या मी शाळेत येतो.”

दुसरा दिवस उजाडला. साहेब आले, सत्कार झाला, चहा झाला. तापीबाईंची नजर सारखी रस्त्याकडे. महाराजांचा पत्ता नव्हता. तापीबाईंच्या आधीच पंत त्यांच्या वर्गात शिरले होते. सगळ्या पाट्या त्यांनी आपल्या हातांनी स्वच्छ पुसल्या होत्या, आणि छडी टेबलावर आपटत मुलांकडून नमुन्याचे पत्र लिहून घेतले होते. तापीबाई भिंतीला लागून उभ्या राहिल्या. महाराज आले नाहीत. ज्याच्यावर सगळा भार टाकला त्यानेही शब्द पाळला नाही, असे मनात आले, आणि असे मनात आले म्हणून त्यांना आपलीच लाज वाटली.

साहेबांनी ठकीला पाटी वाचायला सांगितले. तिने घडाघडा वाचली.

“सुखरूप म्हणजे काय गं?” साहेबांनी विचारले.

ठकीने पंतांच्या छडीकडे पाहिले. “ते पत्रात लिहायचं असतं, साहेब.”

साहेब हसले नाहीत. आता आपल्या मनचे काहीतरी लिही, असे म्हणून त्यांनी तिला द्यायला कोनाड्यातली एक जादा पाटी उचलली, आणि उचलल्या जागीच थबकले. पाटीवर आधीच लिहिलेले होते. ओळी खाली घसरलेल्या, अक्षरे एकमेकांवर चढलेली. साहेबांनी ते मोठ्याने वाचले.

‘बाबा, अक्षर बिघडले म्हणून रागावू नका. उजवा हात चुलीत धरला होता. कुणी धरला ते लिहीत नाही. मागली पत्रे मामंजी सांगतील तशी लिहिली. तुमचेच शब्द सांगत होते, म्हणून तुम्हाला खरी वाटली असतील. मला न्या.’

पंतांनी झडप घालून पाटी घेतली. आधी त्यांचा चेहरा रागाने लाल झाला.

“बाई, हे तुमचं काम आहे.”

“माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, पंत,” तापीबाई म्हणाल्या. “आणि हेही ठाऊक आहे.”

पंतांनी पाटीवर तळवा फिरवला. अक्षर पुसले गेले नाही. थुंकी लावून पुसले, धोतराच्या सोग्याने घासले. एक काना हलला नाही! तेव्हा त्यांचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. पौषातले ते पत्र बाहेर निघाले. दोन्ही शेजारी धरून पंतांनी अक्षर अक्षराशी ताडून पाहिले. मुलीचा हात जळला होता, आणि बापाने तिला कित्ता गिरवायला सांगितले होते.

साहेबांनी मुलांना सोडून दिले. पहिली-दुसरीचा वर्ग बाईंच्या रीतीने चालू राहावा, असा शेरा त्यांनी त्याच दुपारी लिहिला. पण तो वाचायला तिथे कुणी थांबले नव्हते. पाटी छातीशी धरून पंत अनवाणी नदीकडे निघाले होते आणि मागून तापीबाई चालत होत्या.

महाराज धुनीपाशी बसले होते. सेवेला असलेला म्हातारा भिकाजी चिंतेत होता. तो सांगू लागला, की शाळेची घंटा झाली तेव्हापासून महाराज डोळे मिटून आहेत, हाका मारल्या तरी ओ नाही, नुसते बोट चालले आहे. समोरच्या राखेत त्याच ओळी होत्या. तीच घसरण, तीच चढलेली अक्षरे, शेवटी ‘मला न्या’. ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते त्या महाराजांचे उजवे बोट राखेत अजून टेकलेले होते, आणि मनगटापर्यंत हात भाजल्यासारखा फोडांनी भरला होता.

पंत त्या राखेतच आडवे झाले. “मी हसलो तुम्हाला,” एवढेच त्यांना बोलता आले.

महाराजांनी डोळे उघडले. म्हणाले, “मला कुठं लिहिता येतं, बाबा? लिहिलं पोरीनं. गोठ्याच्या भिंतीवर डाव्या हाताच्या बोटानं लिहीत होती रोज. तिथं वाचणारं कुणी नव्हतं. मी फक्त इथवर आणलं.”

तापीबाई त्या हाताकडे पाहत राहिल्या. त्यांच्या आत वर्षानुवर्षे साकळलेले काहीतरी वर आले. देवाला, गुरूला असे विचारू नये हे त्यांना कळत होते. तरी त्यांनी विचारले, “महाराज, मी लिहीत होते तेव्हा कुठं होता तुम्ही?”

महाराजांनी डाव्या हाताने धुनीतली गोवरी सारखी केली. “तुझी आई आली होती माझ्याकडे. मी म्हणालो, पोरीला सासरहून घेऊन ये. तिनं पदराची गाठ सोडून तुझं पत्र दाखवलं. म्हणाली, महाराज, सगळं बरं आहे.”

तापीबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही, नमस्कारही केला नाही. खाली बसून राखेतली एक चिमूट उचलली आणि मुठीत धरून ठेवली.

पंत उठून त्यांच्यापुढे आले. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत जे डोके कुणापुढे लवले नव्हते, ते त्यांनी कोष्ट्याच्या त्या विधवा बाईच्या पायांपाशी टेकले. म्हणाले, की मी एकटा गेलो तर काशी मलाही म्हणेल, बाबा, सुखरूप आहे. मीच तिला तसं शिकवलंय. तुम्ही चला.

“मी येते,” तापीबाई म्हणाल्या. “पण तिथं तिला काय बोलायचं ते तुम्ही सांगायचं नाही. आणि तिला घेतल्याशिवाय मी परतायची नाही. हा माझा शब्द.”

पंतांनी मान डोलावली.

सोमवार होता. उपास सोडायला अजून अवकाश होता. तापीबाईंनी पदर घट्ट खोचला, भिकाजीकडून तांब्याभर पाणी घेतले आणि मागे न पाहता नेरखेड्याच्या वाटेला लागल्या.