गेनबाची टाळी

कुरणवाडीच्या कबड्डी संघावर गेनबा पिसाळचा असा जीव, की संघ हरला की गडी उपाशी झोपायचा. यंदा अंतिम सामन्याला मात्र तो पार गोंधळून गेला. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी गावची पोरं काढून बाहेरचे पगारी खेळाडू आणले होते, आणि काढलेली पोरं शेजारच्या गावाकडून उतरली होती. आपल्या जर्सीत एकही चेहरा ओळखीचा दिसेना. तेवढ्यात समोरून गेनबाच्याच गल्लीतला विलास चढाईला आला, दोघांना बाद करून परतला, आणि गेनबाचे हात त्याला न विचारताच टाळ्या वाजवू लागले.

अण्णासाहेबांनी माईक ओढून घेतला. "गेनबा, राहतोस कुरणवाडीत आणि टाळ्या त्यांना? माफी माग, नाहीतर उद्यापासून या मैदानात पाय ठेवायचा नाही."

गेनबा डोकं खाजवत उठला. "अण्णासाहेब, माझा घोळ झालाय खरा. आपल्या संघात कुरणवाडीचा कोण आहे, तेवढं दाखवा. त्याच्यासाठी हात दुखेस्तोवर वाजवतो."

अण्णासाहेबांनी आपल्या खेळाडूंवरून एकदा नजर फिरवली. मग घसा खाकरून म्हणाले, "माणूस कशाला पाहिजे? संघाला नाव तर गावचं आहे ना? तेवढं पुरे."

गेनबाचा चेहरा एकदम उजळला. "मग सुटला की घोळ," असं म्हणून त्यानं एका हाताची दोन बोटं दुसऱ्या तळव्यावर हळूच टेकवली.

"ही घ्या, नावापुरती टाळी."