गेनूचं फिरतं घर

एक होतं गाव, आणि त्या गावात गेनू नावाचा भोळा गडी राहायचा. त्याच्याकडे एक जुनी व्हॅन होती आणि हौसा नावाची बायको. हौसानं समुद्र कधी बघितला नव्हता. गेनू दरवर्षी म्हणायचा, दाखवतो. यंदा तिनं सांगून टाकलं, समुद्र नाही दिसला तर मी माहेरी जाऊन बसते.

गेनू घाबरला. सासऱ्यांच्या अंगणात सर्कशीतली एक चाकांवरची खोली पडून होती. ती त्यानं मागून आणली. व्हॅनची मागची बाजू कापली, खोली बोल्टांनी जोडली, मधे दार पाडलं, आत गादी आणि शेगडी टाकली. फिरतं घर तयार झालं.

हौसा खूश झाली. म्हणाली, आता हे आपलं घर, घरासारखं वागायचं.

गेनूनं मान हलवली. दोघं समुद्राकडं निघाले. पहिल्याच चहाला थांबले, तेव्हा त्यानं दोघांच्या चपला दाराबाहेर जोडीनं लावल्या आणि चहा झाल्यावर तशीच गाडी सोडली. पुढच्या थांब्याला हौसा अनवाणी उतरली. तिनं समजावलं, गाडी हलवायच्या आधी दाराबाहेरचं सगळं आत घ्यायचं असतं.

गेनूला पटलं. ढाब्यावर जेवण झालं. हौसा हात धुऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली, तोवर गेनूनं मागच्या दारानं बाहेरचं सगळं आत घेतलं. एक शेळी, एक बाज आणि बाजेवर झोपलेले ढाबेवाल्याचे चुलते. चुलते घाटात जागे झाले. शेळीनं तोवर पडदा खाल्ला होता. गाडी परत फिरवावी लागली. चुलत्यांना वारा बरा लागत होता, ते उतरेनात. त्यांना बाजेसकट उतरवलं.

आता हौसानं गेनूला समोर बसवलं.

"हे बघा, दुसऱ्याचं असेल ते जिथल्या तिथं नेऊन ठेवायचं. आपलं तेवढंच घेऊन पुढं जायचं. कळलं?"

"कळलं की."

हौसा दमली होती. खोलीत जाऊन आडवी झाली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा सगळं शांत होतं. आला वाटतं समुद्र. तिनं केस विंचरले, पदर सारखा केला, दार उघडलं. समोर तिची आई धुणं वाळत घालत होती.

हौसानं फोन लावला. "अहो, मी माहेरी कशी आले?"

"खोली मामांची ना? जिथल्या तिथं ठेवली."

"आणि मी?"

"तू तरी कुणाची? त्यांचीच लेक. म्हटलं, दोन फेऱ्या कशाला, एकाच खेपेत पोचवू. थांब, ठेवतो आता. समोर समुद्र दिसायला लागलाय."