पाच पागोटी आणि एक दोर

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणालाच सांगता येणार नाही.

एका माळावर एक गाव होतं आणि गावात एकच विहीर होती. ती एवढी खोल, की एका घरचा दोर पाण्यापर्यंत पोचायचाच नाही. म्हणून तिथे एक रीत होती. दरवर्षी प्रत्येक घराने एक वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढा, अंबाडीचा दोर वळून द्यायचा. गोदूबाई नावाची एक ठसकेबाज बाई ते तुकडे गाठी मारून जोडायची. साठ घरं, साठ वाव, एक दोर.

गावचा कारभार पाच पंच पाहत. त्यांची रीत वेगळी होती. ठराव साऱ्या गावाला पसंत असो, एका पंचाने पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं, की ठराव बारगळला!

एका पंचाच्या जावयाला गावातल्याच कुंभारवाडीची जमीन हवी होती. जावयाने वाडीतून विहिरीकडे येणाऱ्या वाटेवर काटे टाकले, दांडकेवाले उभे केले. पाणी मिळालं नाही की लोक आपणच निघून जातील, असा बेत. वाडीत एक बाळंतीण होती. तान्हं महिन्याचं आणि तिच्या अंगावरचं दूध आटत चाललेलं.

वाट मोकळी करायचा ठराव घेऊन गाव सात वेळा चावडीवर जमलं. सात वेळा त्या पंचाने पागोटं उतरवलं. बाकीचे चौघे डोळे पुसत म्हणाले, "आम्हाला फार वाईट वाटतं हो!" आणि जेवायला गेले.

गोदूबाईचं डोकं फिरलं. त्या संध्याकाळी पंचांची घरं सोडून ती घरोघर गेली. "घरातलं प्रत्येक मडकं भरून ठेवा. मग विहिरीवर या आणि आपापला वाव सोडून न्या."

मडकी तरी कुणी घडवली होती? त्याच वाडीने. लोकांनी ती काठोकाठ भरली आणि गाठी सोडल्या. वाडीचे वाव गोदूबाईने सांभाळून ठेवले.

सकाळी पंचांच्या गड्यांनी पोहरा सोडला. तो अधांतरी लोंबकळत राहिला. पाचही पंच धावत आले.

"आमचा दोर कुणी तोडला?"

"तोडतंय कोण?" गोदूबाई म्हणाली. "ज्याचा त्याने घरी नेला. तुमचे पाच वाव आहेत की तिथेच. प्या पोटभर!"

ऊन चढलं. पंचांचे घसे कोरडे पडले, जावयाचाही पडला. शेवटी तो हट्टी पंच ओरडला, "दोरच कमी पडतोय ना? बांधा पागोटी!"

पाच पागोटी सुटली, दोराला बांधली गेली. पोहरा खाली, आणखी खाली गेला. सगळ्यांनी कान टवकारले. पाण्याचा आवाज काही आला नाही.

तेवढ्यात गोदूबाई कठड्यावर चढली. "मी ठराव मांडते. कुंभारवाडीची वाट आत्ताच्या आत्ता मोकळी करायची. कुणाची हरकत?"

हट्टी पंचाचा हात सवयीने डोक्याकडे गेला. डोक्यावर काय होतं? नुसतं टक्कल! पागोटं विहिरीत लोंबत होतं. मांडीवर ठेवणार काय?

गाव असं हसलं की पारवे उडाले. रीत म्हणजे रीत, ठराव मंजूर! काटे उपसायला दांडकेवालेच पुढे धावले, त्यांनाही तहान लागली होती. पंचावन्न वाव पुन्हा जोडले गेले आणि पहिला पोहरा बाळंतिणीच्या ओंजळीत रिकामा झाला. ती घटाघटा प्यायली, मग रडली, मग सगळ्यांबरोबर हसली.

"आमची पागोटी?" पंचांनी हळूच विचारलं.

"राहू द्या दोरातच," गोदूबाई म्हणाली. "डोक्यावर होती तेव्हा कुणाच्या कामी आली?"

तेव्हापासून त्या गावात ठरावाला फक्त हात मोजतात.

तात्पर्य: जो दोर सगळ्यांनी मिळून वळला, त्याच्या पाण्यापासून कुणालाही तोडायचा हक्क कुणालाच नसतो.