गोंडूचे दुधाचे दात

फार वर्षांपूर्वी सातपुड्याच्या रानात झिपरी नावाची अस्वलीण आपल्या गोंडू या पिल्लाबरोबर राहायची. मध खाऊन झाला की ती स्वतः कडुनिंबाची काडी चावायची आणि गोंडूलाही चावायला लावायची.

"कडू आहे!" गोंडू रडायचा. "वानराचा टिंगू म्हणतो, दुधाचे दात पडणारच आहेत. मग कशाला घासायचे?"

"पडतील तेव्हा पडतील. तोवर जेवशील कशानं?" झिपरी म्हणायची आणि त्याचे दात स्वच्छ होईपर्यंत शेजारी बसून राहायची.

उन्हाळ्यात टेंभुर्णीची फळं पिकली. सगळी पिल्लं झाडाखाली धावली. टिंगू मात्र गाल धरून कण्हत बसला. त्याची दाढ किडली होती. फळ चावलं की कळ थेट मस्तकात जायची.

त्याच्याकडे बघून गोंडूला घास गिळवेना. त्यानं फळं फोडली आणि मऊ गर काढून टिंगूला हळूहळू भरवला.

"तुझे दात कसे दुखत नाहीत रे?" टिंगूनं विचारलं.

गोंडूला कडुनिंबाची काडी आठवली. तो धावत जाऊन झिपरीच्या गळ्यात पडला.

"आई, मी एवढा रडायचो, तरी तू माझं ऐकलं नाहीस. फार बरं केलंस!"