उघडे, झाके आणि पेवातला जोंधळा

फार फार वर्षांमागची गोष्ट. राजा कोणता होता ते विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि या गोष्टीत त्याचं काही कामही नाही. डोंगराच्या पायथ्याला चाळीस घरांचं एक गाव होतं, एवढं पुरे.

त्या गावाची सगळी पुंजी जमिनीच्या पोटात होती. गावामागच्या टेकाडावर एक पेव खणलेलं होतं. पेव म्हणजे धान्य साठवायचा खोल खड्डा. आत जोंधळा भरायचा, तोंडावर दगड ठेवायचा आणि शेणमातीनं लिंपून टाकायचं. दर सुगीला प्रत्येक घर त्यात आपला वाटा ओतायचं. पेवाभोवती बाभळीच्या काट्यांचं पुरुषभर उंच कुंपण होतं. गावानं ठरवल्याशिवाय त्याच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. नियम चांगलाच होता, चोरांसाठी केलेला.

आता गाव ठरवायचं कसं ते ऐका, आणि हसू नका. गाव वसवणारा म्हातारा मरताना म्हणाला होता, "ज्याच्या बोलण्याला वजन असेल त्याचं ऐका रे, पोरांनो." म्हातारा गेला. पोरांनी त्याचं बोलणं फारच मनावर घेतलं. त्यांनी वडाला सागाचा भला थोरला दांडा टांगला आणि वीस-वीस माणसं बसतील अशी दोन पारडी बांधली. घरटी एक माणूस बसायचा, या मताचे या पारड्यात आणि त्या मताचे त्या पारड्यात. जे पारडं खाली जाईल त्याचं खरं. साहजिकच प्रत्येक घर आपला सगळ्यात जाडजूड माणूस पाठवायचं.

कोणतं पारडं खाली गेलं ते सांगायचं काम रायाजी मापाड्याचं. सुगीत तो धान्य मोजायचा, एरवी मतं. माणूस सरळ. "मापाड्याला बाजू नसते," असं दिवसातून दहादा म्हणायचा. म्हणून तो स्वतः पारड्यात बसत नसे. त्याच्या घरचं मत त्याची लेक येसू द्यायची. येसूची आई कधीच वारली होती. येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिच्या मांडीवर तीन आठवड्यांचं तान्हं होतं.

त्या वर्षी टोळधाड आली. उभं पीक दोन दिवसांत फस्त झालं. आता गावाला आधार होता तो पेवाचाच, आणि तिथंच भांडण जुंपलं.

संतू साळी म्हणाला, "अहो, पेव भरलं कशासाठी? माणसं जगली तर पुढं पेरतील ना? उघडा ते, घरटी वाटा द्या. अंगात बळ आलं की माणूस दुप्पट पिकवेल."

मानाजी कारभारी म्हणाला, "आणि पुढच्या वर्षी पेरायचं काय, तुझा माग? आज खाल्लं की संपलं. पेव झाकलेलं आहे तोवर गावाला धीर आहे. थोडी कळ काढा."

मला विचाराल तर दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं. मी संतूचं सांगताना संतूच्या बाजूनं मान डोलावतो आणि मानाजीचं सांगताना मानाजीच्या. आमची ही म्हणते, तुमची मानच सैल आहे. असेल बुवा.

आठ दिवसांत गावाचे दोन तट पडले. पेव उघडा म्हणणारे ते उघडे, आणि झाकून ठेवा म्हणणारे ते झाके. उघड्याच्या चुलीतून झाक्यानं विस्तव नेणं बंद झालं. एखादीनं तव्यावर झाकण ठेवलं तरी शेजारीण विचारायची, "अगं बाई, तू झाकी कधीपासून?"

येसूला यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिला दूध येत नव्हतं. दिवसाकाठी वाडगाभर पातळ पेज मिळायची, त्यावर दूध कुठून येणार? तान्हं ओढून ओढून दमायचं आणि रडायचं. सासर घाटापलीकडे होतं आणि ओली बाळंतीण एवढा घाट चढणार कशी? तिला पोराच्या जिवासाठी चार पायली जोंधळा हवा होता, बस्स.

पुनवेच्या सकाळी सगळे वडाखाली जमले. येसू तान्ह्याला घेऊन उघड्यांच्या पारड्यात बसली. लगेच एक झाका ओरडला, "पोराचं वजन धरायचं नाही! खाली ठेवा त्याला!" मग रायाजीनं नातवाला आपल्या कडेवर घेतलं आणि खालचे टेकू काढले.

झाक्यांचं पारडं धप्पकन खाली आलं. येणारच की! ज्यांच्या कणगीत अजून काही होतं ते जड होते, आणि ज्यांच्या कणगीत काही नव्हतं ते हलके. पेव उघडा म्हणत होते ते हेच हलके. उपास जितके घडावेत तितकं मत हलकं व्हावं, अशी ही तऱ्हा. पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

उघड्यांचं पारडं पार वर गेलं, वडाच्या पानांत. तिथून कुंपणापलीकडचं दिसत होतं. गेले चार दिवस अवकाळी पाऊस झाला होता. येसूनं टेकाडाकडे पाहिलं आणि ती ओरडली.

"बाबा! पेवाच्या तोंडाशी हिरवं उगवलंय! जोंधळ्याचे कोंभ आहेत हो! आत पाणी शिरलंय!"

खाली बसलेल्या मानाजीनं विचारलं, "वर कोण कोण बसलंय? सगळे उघडे. त्यांना हिरवं नाही दिसणार तर काय दिसणार?"

"आणि तिच्या बोलण्याला वजन असतं," दुसरा म्हणाला, "तर ती वर गेली असती का?"

यावर काय बोलणार, सांगा! वरच्या पारड्यातही गोंधळ. एक म्हणाला हिरवं आहे, एक म्हणाला पिवळं आहे, आणि एकानं उंचीच्या भीतीनं डोळेच मिटले होते. त्यात संतू साळी मोठ्यानं ओरडला, "पाणी शिरलंय ना? मग उघडलंच पाहिजे!" झालं. ही सगळी उघड्यांची चाल आहे, अशी झाक्यांची खात्री पटली.

येसू रडकुंडीला आली. "अहो, उघडूही नका नि झाकूही नका! आधी कुणीतरी जाऊन बघा तरी!"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. हे कोणत्या पारड्यातलं बोलणं, तेच कुणाला उमगेना. तिसरं पारडं तर कधी बांधलंच नव्हतं.

"झाके खाली," रायाजीनं सांगितलं. "पेव झाकलेलं राहील."

घरी आल्यावर येसू म्हणाली, "बाबा, शंभर पावलांवर आहे ते. तुम्ही बघून या."

"मी कुंपणात शिरलो तर लोक म्हणतील, मापाडी उघडा झाला."

"आणि नाही गेलात तर?"

"तर कुणी काही म्हणणार नाही," रायाजी म्हणाला, आणि तान्ह्याला थोपटत बसला.

इकडे संतूनं नवीनच टूम काढली. "हे तोलणंच चुकीचं आहे. माणसाचं वजन काय मोजता? डोकी मोजा! एक डोकं, एक मत!"

मानाजी भडकला. "म्हणजे शहाण्याचं डोकं आणि खुळ्याचं डोकं सारखंच?"

"आणि तुमच्या ढेरीत शहाणपण आहे होय?"

वाद हातघाईवर आला. शेवटी ठरलं, की तोलायचं की मोजायचं ते एकदाच तोलून ठरवायचं. मला हे सांगतानाही गरगरतं, पण दुसरं करणार काय? ठरवायची तीच एक रीत होती. पुन्हा सगळे वडाखाली आले. रायाजीनं पुकारलं, "ज्यांना वजन नको ते डावीकडे!"

आता चिमा गुरव म्हणून एक झाका होता. गावातला सगळ्यात जाड माणूस. त्याचे गुडघे दुखायचे, आणि वजन उतरव, असं वैद्यानं त्याला नुकतंच ताकीद देऊन सांगितलं होतं. "वजन नको" एवढंच त्याच्या कानावर पडलं. "मला तर अजिबात नको!" म्हणत तो डावीकडे जाऊन बसला. डावं पारडं असं आदळलं की वडावरचे कावळे उडाले. मानाजीनं कपाळावर हात मारला. गावात एवढी मोठी सुधारणा झाली, ती अशी.

संतू आनंदानं नाचला. मग डोकी मोजायची म्हणजे कशी, यावर चार दिवस गेले. फेट्यासकट की फेट्याविना? तान्ह्याचं डोकं धरायचं की नाही? त्या चार दिवसांत येसूची पेज अर्ध्या वाडग्यावर आली.

पाचव्या दिवशी डोकी मोजली. पेव उघडायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. येसूच्या हट्टापायी प्रश्न एवढाच ठेवला होता, की कुणी जाऊन पाहून यायचं का? तेवढ्यासाठी कुणाची ना असायचं कारण नव्हतं. चिमा गुरवाचीही आता उपासमार होत होती, अंगरखा लोंबायला लागला होता. पण उघडे "पाहा" म्हणतात म्हटल्यावर तो म्हणाला, "पाहायचं नाही." सगळे झाके तेच म्हणाले.

वीस डोकी या बाजूला, वीस त्या बाजूला.

सगळं गाव रायाजीकडे पाहू लागलं. बरोबरी झाली तर मापाड्यानं सांगावं, असं दोन्ही तटांना मान्य होतं. येसूही बापाकडे पाहत होती. तान्हं त्याच्याच खांद्यावर होतं. रायाजी पेचात पडला. पाहून या म्हणावं तर उघडा, नको म्हणावं तर झाका. खरं सांगू का, त्याच्या जागी मी असतो तर माझीही जीभ टाळूला चिकटली असती.

"मापाड्याला बाजू नसते," तो म्हणाला. "पुढच्या पुनवेला पुन्हा मोजू."

"वा! माणूस असावा तर असा!" उघडे म्हणाले. "अगदी सचोटीचा!" झाके म्हणाले. कित्येक दिवसांत गावाचं पहिल्यांदाच एकमत झालं.

येसू मात्र त्याच्या खांद्यावरून पोर काढून घेऊन निघून गेली.

आठ-दहा दिवसांनी टेकाडाकडून आंबूस वास येऊ लागला. उघडे म्हणाले, हे झाक्यांचं पाप आहे. झाके म्हणाले, वास येतोय ही उघड्यांनी उठवलेली आवई आहे, आणि नाकाला उपरणं लावून म्हणाले.

मग एका दुपारी तान्ह्याचं रडणं थांबलं. येसूनं त्याला हलवलं. ते डोळे उघडायचं आणि मिटायचं, आवाज काढत नव्हतं. रायाजीनं ते पाहिलं. तो उठला, कोयता घेतला, कुणाला काही न विचारता टेकाड चढला आणि कुंपण तोडून आत शिरला.

लिंपणाला बोटभर रुंद भेग पडली होती. मूठभर शेणमाती लावली असती तर भागलं असतं. त्यानं दगड सरकवला तशी आतून गरम, कुबट वाफ आली आणि तो मागे सरला. दोन सुग्यांचा जोंधळा काळा पडून त्याचा लगदा झाला होता. खायला नाही की पेरायला नाही.

गाव धावत आलं. सगळे पेवात डोकावले. मग मानाजी ओरडला, "बघा! उघडलं म्हणून नासलं!"

"झाकलं म्हणून नासलं!" संतू ओरडला.

"कोणाचं खरं ठरलं, रायाजी?" दोन्हीकडचे लोक त्याला घेरून विचारू लागले. "तूच सांग, कोणाचं खरं?"

रायाजीनं सगळ्यांना बाजूला सारलं आणि तो घरी आला. येसूनं बोचकं बांधलं होतं आणि तान्ह्याला झोळीत घेतलं होतं. घाटाच्या वाटेवर धनगरांचा वाडा, म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा तळ, होता. तिथवर पोचता आलं तर पोराला शेळीचं दूध मिळेल, एवढी एकच आशा उरली होती.

"मीही येतो गं," रायाजी म्हणाला.

"नको." ती उंबऱ्यात थांबली. "बाबा, एक विचारते, खरं सांगा. मी पारड्यातून ओरडले, तेव्हा तुम्हाला ते खोटं वाटलं होतं का?"

रायाजीनं झोळीतल्या तान्ह्याकडे पाहिलं.

"नाही गं, पोरी," तो म्हणाला. "खरंच वाटलं होतं."

येसूनं पदर सारखा केला आणि ती चालू लागली. धनगरांच्या शेळीनं तान्ह्याला जगवलं. गावातली निम्मी घरं त्या उन्हाळ्यात पोटामागे परमुलखात गेली. येसू पुन्हा कधी माहेरी आली नाही, दुसऱ्या बाळंतपणालाही नाही.

तर लहानथोरांनो, माझ्या सैल मानेत एवढं एकच पक्कं बसलंय: काय करायचं ते मतांनी ठरवावं, पण काय झालंय ते मतांनी ठरत नाही, ते जाऊन पाहावं लागतं.