निरगाठ

एका विद्यापीठात अभिनय शिकवणारी एक शाळा होती. तिथे इंद्रजित भोईटे नावाचा विद्यार्थी होता. आवाज खणखणीत, अंगात रग. तो रंगमंचावर उभा राहिला की बघणाऱ्याची नजर हलत नसे. वार्षिक परीक्षेत पहिला यायचे, एवढा एकच ध्यास त्याने घेतला होता.

परीक्षेसाठी त्याच्या वाट्याला दोन राजपुत्रांचा प्रवेश आला. गादीसाठी थोरला भाऊ धाकट्याचा शेल्याने गळा आवळतो, असा प्रसंग. थोरला इंद्रजित आणि धाकटा त्याचा वर्गमित्र नौशाद मुलाणी. शिकवणाऱ्या कुमुदबाईंनी पहिल्याच तालमीत बजावले, "शेला ओढल्यासारखा दिसला पाहिजे, ओढायचा नाही. आणि नौशादने मनगटावर थाप मारली की सोडायचं. मग प्रवेश कुठंही आलेला असो."

पण तालमीत थाप पडल्यावरही इंद्रजित क्षणभर तसाच ओढून धरी.

"लवकर सोडत जा ना," नौशाद मान चोळत म्हणे.

"अरे, तेवढ्यानंच तर रंग चढतो!" इंद्रजित हसे.

परीक्षेच्या दिवशी सभागृह गच्च भरले. पुढच्या रांगेत बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी सकाळपासून कोणाकडे धड पाहिलेही नव्हते.

प्रवेश सुरू झाला. इंद्रजितने शेल्याचा वेढा टाकला. नौशाद तडफडू लागला. परीक्षकांनी पेन खाली ठेवले आणि ते पुढे झुकले. इंद्रजितला ते दिसले.

तेवढ्यात मनगटावर थाप पडली.

या वेळी त्याने लगेच हात सैल केले. पण शेला सैल होईना. जरीचा काठ पिळला जाऊन निरगाठ बसली होती. पुन्हा थाप पडली, ती अगदीच क्षीण. नौशादचे डोळे आता नटाचे राहिले नव्हते. प्रेक्षकांतून कोणीतरी "वा!" म्हणाले. शेवटचे एकच वाक्य उरले होते, हमखास टाळ्या घेणारे. ते म्हणायला असा कितीसा वेळ लागला असता?

"दिवे लावा!" इंद्रजित ओरडला. "कात्री आणा कुणीतरी!"

कात्री येईपर्यंत तो थांबला नाही. खाली बसून त्याने दातांनी गाठ सोडवली. नौशादने हुंदक्यासारखा श्वास घेतला. 

"चुकलं माझं," इंद्रजित पुटपुटला. "तालमीतच तुझं ऐकायला हवं होतं."

परीक्षकांना वाईट वाटले, पण अर्धवट प्रवेशाला गुण देता येत नव्हते. पहिला क्रमांक दुसऱ्याच कोणाला मिळाला.

पुढच्या सत्रात नवे नाटक निघाले. त्यात तलवारींची झटापट होती. कुमुदबाईंनी विचारले, "इंद्रजितसमोर कोण उभं राहणार?"

एकही हात वर झाला नाही. इंद्रजित जमिनीकडे पाहू लागला.

नौशाद उठला. "मी, बाई. याच्या हाती मी डोळे मिटून मान देईन."

तात्पर्य: कला कितीही थोर असली, तरी सोबत्याच्या श्वासाहून थोर नसते.