फुलीवर फुली

एका राज्यात वज्रधर नावाचा राजा होता. राज्य अफाट, मन मात्र कोते. एकदा सणाच्या पंगतीची यादी समोर आली, तेव्हा कर्दम मांत्रिकाचे नाव पाहून राजाने नाक मुरडले आणि त्यावर फुली मारली. कर्दमाला हे कळले. तो मुदपाकखान्यात गेला, चुलीतला कोळसा उचलला, भिंतीवर हातभर फुली काढली आणि चालता झाला.

त्या दिवसापासून राज्यभर भाजीला विळी लागली की भाजीची राख होऊ लागली. जोंधळा जात्यात पडला की त्याचीही तीच गत. राजाने भिंतीला सात वेळा चुना दिला. सातही वेळा फुली वर आली. भुकेने आधी म्हातारी माणसे गेली, मग लेकरांची पाळी आली.

राजवाड्यात सगुणा नावाची बाई कशिदा काढी. तिची सात वर्षांची लेक रेवू अंथरुणाला खिळली होती. घोटभर दुधावर जीव धरून होती, तेही आता आटत आले होते. सगुणेला तिच्यावाचून जगात कोणी नव्हते. विझलेल्या चुलीपाशी ती रडत बसली, तेव्हा धुराड्यातली साळुंकी बोलली.

"ही फुली फुलीनेच झाकली जाईल, बाई. दुसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने वांगे, गाजर आणि दोडका भर, आणि ते कापड या भिंतीवर टांग."

"रंगीत दोरा कुठून आणू? रंगाच्या झाडपाल्याचीही राख होते."

"रंग तुझ्या अंगावर आहेत. एवढे जप, प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच अंगाला झुकू दे. एक जरी उलटा पडला, तर कापडाचीही राख होईल."

राजाला विचारले का, म्हणाल, तर नाही. राजा तेव्हा आठवा चुना कालवत होता.

पहिल्या दिवशी सगुणेने पांढरा दोरा केसांतून ओढला. दोऱ्याला वांग्याचा काळाजांभळा रंग चढला, केस पांढरेफटक झाले. दुसऱ्या दिवशी दोरा ओठांवरून फिरवला. गाजराचा लाल उतरला आणि तिचा चेहरा सुकून सुरकुतला. तिने आरसा पाहिला नाही, टाके मोजत राहिली.

तिसऱ्या दिवशी हिरवा हवा होता. हिरवे एकच होते, मनगटावरचे गोंदण. तिच्या आईने ते गोंदवून घेतले होते. मेल्यावर बाकी सारे इथेच राहते, गोंदण तेवढे सोबत येते, त्यावरून मी तुला ओळखीन, असे आई सांगे. सगुणेने मनगट पदराखाली झाकले. मग शेजारच्या खोलीत रेवू खोकली, आणि सगुणेने डोळे मिटून दोरा मनगटावरून ओढला.

दोडका भरताना सुई दोनदा उलट्या अंगाला वळली. दोन्ही वेळा सगुणेने ती कापडात शिरण्याआधी थांबवली. शेवटची फुली पुरी झाली तेव्हा दोऱ्याचे नखभर टोक उरले होते.

कापड भिंतीवर चढले आणि त्याखालचा कोळसा गळून पडला. मुदपाकखान्यात विळीवर वांगे चिरले, आत पांढरा गर दिसला. बायका तिथेच बसून रडल्या. राजा अनवाणी जाऊन कर्दमाला घेऊन आला, पाटावर बसवले, स्वतःच्या हाताने वाढले. कर्दम जेवला. राज्यात पुन्हा चुली पेटल्या.

सगुणेने रेवूला मांडीवर घेऊन दोडक्याची भाजी आणि भाकरी भरवली. पोरीने अख्खी भाकरी संपवली. तिच्या गालावर रंग आला. सगुणेचा ऊर भरून आला. किती दिवसांनी ती हसली.

रेवूने तोंड पुसले, मान वर करून त्या म्हातारीकडे पाहिले आणि शहाण्या मुलीसारखी मांडीवरून उतरून जरा सरकून बसली.

"तुम्ही जेवलात का?" तिने विचारले.

आजवर रेवूने आईला 'तू' सोडून कधी काही म्हटले नव्हते.

"जेवले, बाळ," सगुणा म्हणाली आणि तिला आणखी भाजी वाढली.